फ्लोरिडा २०००: एकट्या नेडरवर खापर नको

२००० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीबद्दल कुणीतरी म्हटलंय की फ्लोरिडा राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरने मतं खाल्ली म्हणून डेमोक्रॅट अल गोर रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्यापुढे पडले. नेडरला ९७ हजारांच्या वर मतं पडली आणि बुश जिंकले फक्त ५३७ मतांनी, तेव्हा हिशोब बरोबर आहे, पण तिथली पाम बीच काउंटी (म्हणजे जिल्हा) सोडून हा विषय पूर्ण होतच नाही.

तिथली मतपत्रिका डोळ्यासमोर आणा. उमेदवारांची नावं डावीकडे आणि उजवीकडे, मत द्यायला पाडायची भोकं मात्र मधे एकाच रांगेत. डाव्या बाजूला बुश पहिले, गोर दुसरे, म्हणून गोरवाला माणूस साहजिकच दुसरं भोक पाडणार ना, पण ते होतं उजवीकडच्या, रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांचं! गोरचं तिसरं. त्या एका काउंटीत ब्युकॅननना ३४०० च्या आसपास मतं पडली आणि ते स्वतःच म्हणाले की यातली बरीचशी माझी नसणार. शिवाय १९ हजारांहून जास्त मतपत्रिका दोन भोकं पडली म्हणून बाद. वाईट याचं वाटतं की वयस्कर मतदारांना अक्षर मोठं दिसावं म्हणूनच नावं अशी दोन पानांवर पसरली होती, हेतू चांगलाच होता.

मग फेरमोजणी, भोक नीट न पडल्याने अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे भिंगातून बघणं, आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने मोजणी थांबवली. फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं (राज्याराज्याला ठरलेली, अध्यक्ष यांवरच ठरतो) बुशना, त्यांची एकूण २७१. देशभरात जास्त मतं गोरना होती, ५ लाखांहून जास्त, हे मला अजूनही खुपतं.