इंडी इलेक्ट्रॉनिक पॉप करणाऱ्या जोड्यांचे छोटे ईपी सुचवा

रिकामी_कॅसेट

मागच्या आठवड्यात फँटोग्राम या जोडीचा 'नाइटलाइफ' हा ईपी (अल्बमपेक्षा लहान, मोजक्या गाण्यांचा संच) ऐकला. २०११ चा आहे, म्हणजे मी चांगलीच उशिरा पोचले. सहा गाणी, एक बाई, एक बुवा, आणि संपल्यावर लगेच पहिल्यापासून लावला. अल्बमच्या बाबतीत माझं असं फारसं होत नाही. सातवं-आठवं गाणं आलं की मी भांडी आवरायला उठते आणि शेवटची दोन गाणी नळाच्या आवाजात जातात.

तर असेच आणखी सांगा. जोडी दोघांचीच हवी, ईपीच हवा, आणि नुसता नाचायचा ठोका नको, गुणगुणता येईल अशी चाल हवी. इंग्रजी शब्द निम्मे कळत नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. सुटी गाणी नकोत, ती मीही शोधू शकते.

अर्धामात्रा

एमजीएमटीचा 'टाइम टु प्रिटेंड', २००५. कॉलेज संपता संपता काढलेला, सहा गाण्यांचा. ज्या दोन गाण्यांमुळे हे दोघं पुढे गाजले ती दोन्ही यात आहेत, पण आधीच्या, कच्च्या रूपात. दोन वर्षांनी पहिल्या अल्बमसाठी ती नव्याने रेकॉर्ड केली. तिथे सगळं भरगच्च आहे, इथे सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) खेळण्यातल्या पेटीसारखा वाजतो. मला इथलंच आवडतं, आणि त्यावर आमच्या घरात वाद आहे.

नॉब_फिरवणारा

पोस्टल सर्व्हिसचं 'गिव्ह अप' (२००३) ऐकाच. दोघं वेगवेगळ्या शहरांत राहायचे. एक जण संगीत टेपवर भरून टपालाने पाठवायचा, दुसरा त्यावर गाऊन परत पाठवायचा. नाव त्यावरूनच पडलं, आणि पुढे अमेरिकेच्या खऱ्या टपाल खात्याने त्या नावाला हरकतही घेतली होती. नंतर समझोता झाला.

अर्धामात्रा

अहो, तो दहा गाण्यांचा अल्बम आहे. धागा वाचा.

नॉब_फिरवणारा

वाचला. तरी ऐका म्हणतो.

तळघर

थोडं लांबेल, पण धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. घरी कॉम्प्युटरवर मीही असले उद्योग करतो, यश बेताचंच.

माझं पहिलं नाव प्युरिटी रिंगचा 'ग्रेव्ह्ज', २०२२, सात गाणी. कॅनडाची जोडी. मेगन जेम्सचा आवाज अगदी कोवळा आणि स्वच्छ, आणि कोरिन रॉडिकचं संगीत त्याच्या उलट, जड, हिपहॉपच्या अंगाने जाणारं. दोघांच्या जोडीत मजा हीच असते की कोण काय करतंय ते वेगवेगळं ऐकू येतं. पाच जणांच्या बँडमध्ये एखादा कमी पडला तर बाकीचे झाकून नेतात. इथे गाणारी थांबली की दुसरा उघडा पडतो. त्या रिकाम्या जागा तो कशा भरतो, तिकडे लक्ष द्या. रॉडिक बऱ्याचदा गाण्यातलाच आवाज कापून, खाली उतरवून, तुकड्यांनी परत वाजवतो. मागे कोणी तिसराच गातोय असं वाटतं, पण असते ती मेगनच.

दुसरी गोष्ट. किकचा, म्हणजे ड्रममधल्या जड ठोक्याचा, दणका पडला की बाकीचे सूर क्षणभर दबतात आणि हळूच वर येतात, श्वास घेतल्यासारखे. याला साइडचेन म्हणतात. सिंथवर कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं साधन, लावायचा, पण तो कधी दाबायचा हे किकने ठरवायचं. मुळात हेतू साधा, किक आणि बेस एकमेकांत मिसळून लगदा होऊ नये. पण या लोकांनी त्याचाच दागिना केला. जास्त झालं की डोकं धरतं, माझ्या स्वतःच्या ट्रॅकमध्ये नेहमी जास्तच होतं.

आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. किकचा गाभा साधारण पन्नास ते ऐंशी हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, तो त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. उरतो तो नुसता टकटकाट, आणि मग लोक म्हणतात इलेक्ट्रॉनिक गाणी पोकळ असतात. साधे वायरवाले इअरफोनसुद्धा चालतील. शफल बंद ठेवा. सहा-सात गाण्यांत क्रम बिघडला तर उरतं काय?

मंद्रसप्तक

जुनं चालेल का? इरेजर या जोडीचा 'अब्बा-एस्क', १९९२. अब्बा या स्वीडिश बँडची फक्त चार गाणी, सिंथवर बेतलेली. ब्रिटनच्या सिंगल्स यादीत पाच आठवडे पहिल्या नंबरवर होता. चाल गुणगुणता येईल ही अट पूर्ण, शंभर टक्के.

अर्धामात्रा

नंबर एकवर बसलेला ईपी इंडी कसा हो?

मंद्रसप्तक

म्यूट नावाच्या स्वतंत्र कंपनीने काढला म्हणून. शब्द आला तो तिथूनच, मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं ते इंडी. उदास चेहऱ्याने हळू गाणं म्हणजे इंडी, हे नंतरचं.

तळघर

मंद्रसप्तक यांना अनुमोदन. आणखी एक राहिला, सोफी टकर या जोडीचा 'सॉफ्ट ॲनिमल्स' (२०१६). ज्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं ते पोर्तुगीजमध्ये आहे, चाकाल या ब्राझिलियन कवीच्या कवितेवरचं. शब्द कळत नाहीत याचं काही वाटत नसेल तर हा तुमच्यासाठीच. ठोका मात्र नाचायचा आहे, आधीच सांगतो.

रिकामी_कॅसेट

चार दिवस लागले, पण सगळं ऐकलं. अगदी क्रमाने.

'ग्रेव्ह्ज' लावला तेव्हा दर ठोक्याला आवाज खाली जायला लागला, म्हणून मी हेडफोन दोनदा काढून पुसले, मग चार्जिंगला लावले. तळघर यांचा प्रतिसाद निम्माच वाचला होता. पुढचं वाचल्यावर कळलं की तो दागिना आहे! आता तो आवाज माझ्या जुन्या आवडत्या गाण्यांतही ऐकू येतोय, जरा वैतागच झालाय. पण यातला सर्वांत आवडला तो हाच. आवाज कापून परत वाजवलेले तुकडे दुसऱ्यांदा ऐकताना सापडले.

'सॉफ्ट ॲनिमल्स'चं पोर्तुगीज गाणं दिवसभर तोंडात आहे. काय म्हणतेय मी, देव जाणे. बाकीचा ईपी ठीक. एमजीएमटी नाही जमला, सॉरी अर्धामात्रा. मला भरगच्चच आवडलं. अब्बाची मूळ गाणी इतकी पाठ आहेत की प्रत्येक ठिकाणी मन तुलना करत बसलं, त्यामुळे मत देत नाही. आणि हो, 'गिव्ह अप'ही ऐकलं, आठव्या गाण्याला उठले नाही. नॉब_फिरवणारा यांनी यावर काही बोलू नये.

याहून लहान असतं का काही?

नॉब_फिरवणारा

बोलत नाही.

तळघर

असतं. मॅग्डलेना बे, 'मिनी मिक्स व्हॉल्यूम १', २०१९. पुढे मोठे अल्बम करून ही जोडी गाजली, पण हे आधीचं. एक-दोन मिनिटांची गाणी, कडवं आलं की संपलंच, आणि जोडीला घरीच हिरवा पडदा लावून केलेले व्हिडिओ. जुन्या काळच्या वेबसाइटसारखे भडक आहेत ते, मुद्दाम. ॲपमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर आधी बंद करा. एवढ्याशा गाण्याची शेवटची दहा सेकंद पुढच्यात मिसळली तर फारसं काही हातात राहत नाही.