गजी-हलगी पथकाचं भाडं, वीज, हिशेबनीस: यासाठी अनुदान कुठून मिळतं?

गजीढोल_सांगोला:
धनगर आणि मातंग समाजातल्या १० कलाकारांचं गजी (ढोलाच्या तालावरचं नृत्य) आणि हलगी (कातड्यानं मढवलेलं तालवाद्य) पथक. नोंदणी सोलापुरात, ऑडिट ४ वर्षांचं आहे. कार्यक्रमाचे पैसे मिळतात, पण खोलीचं भाडं ६,०००, हिशेबनीस ३,००० आणि वीज १,००० असा महिन्याचा खर्च कुणीच धरत नाही. हलग्या मढवायच्या त्या वेगळ्याच. काय करावं?

लेखा_सोलापूर:
आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा (संस्थेची आणि विश्वस्तांची अधिकृत नोंद) ताजा उतारा काढा. सह्या करणारे विश्वस्त त्यात नसतील तर अर्ज तिथेच अडकतो. विश्वस्त बदलले की त्याचा चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) ९० दिवसांत द्यायचा असतो. राहिला असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह आजच द्या. मग दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंद), १२ए (संस्थेला आयकर सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत). पॅन, दर्पण आणि उताऱ्यावर संस्थेचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं.

रंगव्यवस्था:
केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरा (रेपर्टरी) योजना बघा. गुरूला महिना १५,०००, कलाकाराला वयानुसार २,००० ते १०,०००. मात्र हे मानधन आहे, त्यातून भाडं भरलं की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) फसतं. मानधन बँकेतूनच जाऊ द्या, रोख नको. राज्याचं ज्येष्ठ कलावंतांचं ५,००० मानधन व्यक्तीचं असतं, ते संस्थेच्या हिशेबात आणू नका.

लेखा_सोलापूर:
भाड्याचा खरा मार्ग प्रत्येक प्रकल्पात वाटा घालण्याचा. तुमचा खर्च महिना १०,०००, वर्षाला १,२०,०००. गजीची कार्यशाळा ५ महिने खोली वापरत असेल तर तिच्या अंदाजपत्रकात ५०,००० धरा. ‘इतर खर्च’ असं लिहिलं की कात्री लागते. ‘तालीम जागेचं भाडं, ५ महिने’ असं लिहा, वीज आणि हिशेबनीस तसेच वेगळ्या ओळीत. भाडेकरार संस्थेच्या नावानं हवा, अध्यक्षांच्या नावानं नको. व्हाउचरवर कोणत्या प्रकल्पाचा किती वाटा ते त्याच दिवशी लिहा. एकच बिल दोन देणगीदारांना पूर्ण दाखवलं तर ऑडिटर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

गजीढोल_सांगोला:
एका कंपनीनं सांगितलं की प्रशासनाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही.

रंगव्यवस्था:
ही गैरसमजूत आपल्यासारख्या संस्थांचा जीव घेते. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) नियमांतली ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, संस्थेच्या प्रकल्पातल्या भाड्यावर किंवा प्रशिक्षकाच्या पगारावर नाही. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलंय. अर्जात तो मुद्दा उद्धृत करा. सीएसआर-१ नोंदणी (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी), १२ए, ८०जी आणि ३ वर्षांचं काम लागतं. हलगी मढवणं ‘वाद्य दुरुस्ती’ या शीर्षात घाला, नगाची किंमत आणि वर्षात किती वेळा ते लिहून. कातडं ओलाव्यानं सैल पडतं म्हणून पावसाळ्यानंतरचा खर्च वेगळा दाखवा, नाहीतर वाचणाऱ्याला तोच खर्च दोनदा लावल्यासारखा वाटतो.