वर्षावासात एकच ग्रंथ वाचावा की मूळ सुत्तेही वाचावीत?

कृष्णाकाठ, कऱ्हाड
आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आमच्या विहारात दरवर्षी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्रिपिटकातील, म्हणजे पाली धर्मग्रंथांच्या संग्रहातील, एकही सुत्त (बुद्धांचा उपदेश) अर्थासह ऐकलेले नाही असे निम्मे श्रोते आमच्याकडे असावेत, ही गोष्ट मला खटकते. मध्य प्रदेशातील भरहूतच्या प्राचीन स्तूपावर करहाकट येथील दात्यांची नोंद आहे आणि हे करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे मानले जाते. त्याच स्तूपावर ‘पंचनेकायिक’, म्हणजे पाच निकाय (सुत्तांचे संग्रह) जाणणारा, असे बिरुद लावणाऱ्या दात्याचेही नाव कोरलेले आहे. ज्या गावाचे नाव निकायांच्या इतक्या जवळ कोरले गेले, त्या गावाने आता त्यांच्याकडे पाठ फिरवावी काय? आठवड्यातून एक दिवस मूळ पाली सुत्त आणि त्याचा मराठी अर्थ वाचावा, असा माझा प्रस्ताव आहे.

माणदेशी
प्रस्तावातील ‘मूळ’ या शब्दालाच माझी हरकत आहे. बुद्धांनंतर राजगृहात भरलेल्या भिक्खूंच्या पहिल्या संगीतीत (धम्मसभेत) उपालींनी विनय, म्हणजे संघाचे नियम, आणि आनंदांनी धम्म सांगितला, अशी परंपरा आहे. त्यानंतर कित्येक पिढ्या हे सारे मुखोद्गत राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहिले गेले. एवढ्या प्रवासात काय शिरले आणि काय गळले, हे पारखण्यासाठीच बाबासाहेबांनी बुद्धवचनाला विवेकाची कसोटी लावली. बौद्ध वाङ्मय इतके अफाट आहे की सामान्य माणसाच्या हाती देता येईल असा एक ग्रंथ हवा, हे त्यांनी 1950 मध्येच लिहिले होते. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईला दीघनिकायाच्या 34 सुत्तांत फिरवण्यापेक्षा तोच ग्रंथ पुन्हा वाचलेला बरा.

मिरजकर
मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन भिक्खूंची गोष्ट आहे. बुद्धवचन ‘छंदस’मध्ये, म्हणजे वेदांसारख्या संस्कृतात, बसवावे, असे त्यांनी सुचवले तेव्हा भगवंतांनी ते नाकारले आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या भाषेत, शिकण्याची अनुज्ञा दिली. आता ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, यावरून वाद आहेच. अट्ठकथाकार, म्हणजे पाली भाष्यकार, बुद्धघोषांनी ती बुद्धांची मागधी मानली, तर अनेक आधुनिक अभ्यासक ती शिकणाऱ्याची भाषा मानतात. मला दुसरा अर्थ पटतो. म्हणून सुत्ते जरूर वाचा, पण मराठीतच. पालीचा आग्रह धरू नका. (2024 मध्ये मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे मानापमानाचाही प्रश्न उरलेला नाही.)

कृष्णाकाठ, कऱ्हाड
माणदेशींना एक उदाहरण देतो. सिद्धार्थांनी वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून गृहत्याग केला ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे कारण पुढे ठेवले. आता त्रिपिटकाच्याच सुत्तनिपात या भागातील अत्तदंडसुत्त पाहा. थोड्या पाण्यातील माशांसारखी तडफडणारी आणि एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली माणसे पाहून मला भय वाटले, असे तिथे भगवंत स्वतः सांगतात. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला ही गाथा समजावून सांगावी लागणार नाही. ग्रंथाशेजारी ही गाथा ठेवली तर ग्रंथ दुबळा होतो की भक्कम?

माणदेशी
गाथा अस्सल आहे, हे मान्य करतो. भीती निराळीच आहे. पाली म्हणणारा एक आणि ‘साधु, साधु’ म्हणणारे शंभर, अशी बैठक सुरू झाली की विहारात नवा पुरोहित तयार होतो. आज आमच्याकडे सातवी शिकलेल्या आजीसुद्धा पाळीपाळीने ग्रंथ वाचतात. त्यांच्या हातातील ते पान काढून घेणारा कोणताही प्रस्ताव मला नको आहे.

कृष्णाकाठ, कऱ्हाड
ते पान त्यांच्याच हाती राहील. मिरजकरांचे ऐकून पालीचा आग्रह मी सोडतो. आरंभ दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताने करू. आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, कामकरी आणि श्रमण यांच्याशी गृहस्थाने कसे वागावे, हा त्याचा विषय आहे. ते मराठीत वाचायला एक संध्याकाळ पुरते. मालक आणि कामकरी यांच्याविषयीचा भाग त्या भांगलणीच्या बाईनेच वाचावा, एवढी माझी अट आहे.