अंबाळ्याकडून गडावर पेव्हर ब्लॉक? जरा थांबा

वाटाड्या: काल एका भाऊंनी लिहिलं, "अंबाळा तलावाकडून रामटेकच्या गडावर, जुन्या पायऱ्यांच्या बाजूनं जंगलातून दोन मीटर रुंद पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक करा. दोन्हीकडे रेलिंग, सोलर दिवे. टुरिस्ट धावत येतील." खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहून राहिलो.

टेकडीवरची वाट पायांनी कमी आणि पाण्यानं जास्त खराब होते. शॉर्टकटवाल्यांनी पाडलेली पाऊलवाट सरळ उताराला आहे, म्हणून पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. माती गेली, मुरूम गेला, सागाची मुळं उघडी पडली. मुळांवरून पाय घसरतो म्हणून लोक बाजूनं चालतात आणि वाट आणखी रुंद होते. यावर ब्लॉक टाकले तर खालची वाळू दोन पावसाळ्यांत वाहून जाणार आणि ब्लॉक डुगडुगणार.

आपल्या जलसंधारणवाल्यांना विचारा. पाणी अडवायला उताराला आडवे समतल चर खणतात, तशी वाट टेकडीच्या अंगानं आडवी न्यायची. सरासरी दहा फूट चाललं की फूटभर चढ, आणि टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ कुठंच नाही. वाट उताराच्या अंगाला किंचित कललेली, म्हणजे पाणी वाटेनं न धावता आडवं निघून जातं. मधूनमधून वाट जराशी उतरवून पुन्हा चढवायची, राहिलेलं पाणी तिथं बाहेर पडतं. रुंदी मीटरभर पुरे. ओहोळ ओलांडायचा तिथं अनघड दगड बसवा. सिमेंटची गोणी गडावर चढायचं कामच नाही.

धरमपेठची मावशी: वाटाड्या, तुमचे गुडघे किती वर्षांचे हो? आमच्या सासूबाई त्रिपुरी पौर्णिमेला हट्टानं पायऱ्या चढल्या. उतरताना एकेक पायरी बसून, पदर खोचून, हात टेकत उतरल्या. मागून येणारी पोरं "आजी, बाजू द्या" म्हणत होती. धरायला काही असतं तर ही वेळ आली नसती. जंगल काय फक्त तरण्याताठ्यांची जहागीर आहे?

वाटाड्या: मावशी, गाडीचा रस्ता गडापर्यंत जातो. आणि गुडघ्याला उतरताना पायऱ्याच जड जातात, हळू चढाची वाट नाही. मी तुमच्याच बाजूनं बोलून राहिलो.

मावशी: गाडीनंच जायचं तर नवस कशाला बोलायचा?

नागनदीकाठचा: ब्लॉकचं सोडा बे, आधी आपल्या नागपूरच्या सिमेंट रोडचं बोला. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, रस्त्यावर उतरायला. आता रस्त्यावरून घरात उतरावं लागते! दर वेळेस जुन्यावर नवा थर. पावसाचं पाणी जाईल कुठं? आमच्या घरात.

बेसाचा इंजिनियर: झालं, आला सिमेंट रोड. डांबर फुगणाऱ्या काळ्या मातीवर टिकत नाही, दर पावसाळ्यात खड्डे पडायचे ते विसरले वाटतं. तुमच्या घरात पाणी २३ सप्टेंबर २०२३ ला शिरलं ना? त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला. त्यात रस्त्याचा काय दोष?

नागनदीकाठचा: अंबाझरी मला नका सांगू. माझा फ्रीज आडवा तरंगत होता. पाणी तलावाचं आलं, मान्य. पण नदी उतरल्यावरही घरातलं पाणी हटलं काहून नाही? रस्ता उंबऱ्याच्या वर होता म्हणून. बादल्यांनी उपसलं भाऊ, बायको-पोरांसकट.

इंजिनियर: बरं बाप्पा, जुना थर खरवडून मगच नवा टाकायला पाहिजे होता. खूश? पण याचा रामटेकशी संबंध काय?

नागनदीकाठचा: ज्यांना गल्लीतल्या पाण्याचा उतार काढता येत नाही त्यांच्या हातात टेकडी द्यायची?

इंजिनियर: तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. परवा तर्री-पोह्याच्या धाग्यातही सिमेंट रोड होता.

नागनदीकाठचा: तर्री-पोह्याचा ठेला त्याच रस्त्यावर आहे ना!

रामटेकवाली: तुमचं नागपूरचं भांडण झालं असेल तर आम्ही बोलू? शॉर्टकट फक्त ट्रेकरनं नाही पाडले. मोहफुलं वेचणारे, बकऱ्यावालेही तिथूनच जातात. उन्हाळ्यात फुलं दिसावी म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि आग पसरते. आडवी वाट नीट झाडून ठेवली तर जाळरेषेचंही, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचंही काम करेल, हे कोणी लिहिलं नाही. दिवे मात्र अजिबात नको, रात्रीचं जंगल जनावरांचं आहे. आणि चिप्सचे पुडे घेऊन येऊ नका, वानरं पिशवीच हिसकतात, मग कचरा आम्ही उचलतो. यात्रेची गर्दी मीटरभर वाटेवर मावणार नाही, ती पायऱ्यांवरच ठेवा. आणि वाटाड्या, नागमोडी वाट केली तरी तुमची नागपूरची पोरं वळण कापून सरळच उतरणार, रील काढत. त्याचं काय?

वाटाड्या: वळणावरून खालची वाट दिसली की माणूस कापतोच. म्हणून वळण दगडाआड, झाडोऱ्याआड काढायचं. जुन्या शॉर्टकटच्या तोंडाशी बोरीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, आत आडवे दगड लावायचे. दोन पावसाळ्यांत गवत धरतं. आगीचा मुद्दा चांगला आहे. आणि मावशी, गडाजवळच्या शेवटच्या चढाला रेलिंग घ्या. पण तेवढंच.

मावशी: "तेवढंच" म्हणे! उपकार झाले. आता बसायला दगडी कट्टे कुठं कुठं ठेवणार तेही सांगा. आणि दिवे नकोत हे मलाही मान्य आहे, विचारलं कोणी?

नागनदीकाठचा: कट्टा पाहिजे तर आमच्या गल्लीत या मावशी. रस्त्याच्या कडेला बसलं की पाय थेट आमच्या खिडकीत.