मदत हवी आहे: अँटनीचा लीजन डिनेरियस, २२ की २३?

नमस्कार मंडळी,

इथे शिवराई आणि कंपनी सरकारच्या रुपयांवर भरपूर बोलणं होतं, रोमन नाण्यांवर क्वचितच. तरी विचारून बघतो. रोमन सेनापती मार्क अँटनीची लीजन (म्हणजे पलटण) मालिका, चांदीच्या डिनेरियस नाण्यांची (क्रॉफर्डच्या सूचीत क्र. ५४४), कोणी जमवतंय का? एका नाण्यावर अडलोय आणि विक्रेत्याने ते रविवारपर्यंतच राखून ठेवलंय.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. इ.स.पू. ३२-३१ मध्ये अँटनी आणि क्लिओपात्रा ग्रीसमध्ये फौजा आणि आरमार घेऊन बसले होते, समोर त्यांचा रोमन प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन. एवढ्या लोकांचे पगार भागवायला अँटनीने डिनेरियस पाडण्याचा सपाटा लावला. दर्शनी बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज. मागे मधोमध गरुडध्वज, दोन्ही अंगांना एकेक निशाण, आणि 'लेग' (लीजन) या अक्षरांपुढे पलटणीचा रोमन आकडा. ऍक्टियमच्या लढाईत अँटनी हरला, नाणी मात्र राहिली. चांदी नेहमीपेक्षा हलक्या कसाची, त्यामुळे ती वितळवण्यात कोणाला रस नव्हता आणि पुढची दोनशे वर्षं ती हातोहात फिरली. (रोमन लेखक प्लिनीने तर अँटनीने डिनेरियसमध्ये लोखंड मिसळल्याचं लिहून ठेवलंय. भेसळ तांब्याची होती, पण नाव खराब व्हायचं ते झालंच.) म्हणून ही नाणी बहुतेक गुळगुळीत झालेली मिळतात, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांच्या खिशाला झेपतात. मी इंग्लंडमध्ये राहतो. रोमन फौजेबरोबर ही इथेही आली, त्यामुळे नाण्यांच्या मेळ्यात एखाद्या तरी टेबलावर दिसतातच.

मी आकड्यांप्रमाणे जमवतो, २ ते २३. त्यात लिहिण्याचे प्रकारही धरतो, कारण चार कुठे चार उभ्या रेघांनी लिहिलाय, कुठे पाचाआधी एक रेघ देऊन. नऊ आणि चौदाचंही तसंच. सोपे आकडे झालेत. पहिल्या लीजनचा नाद सोडलाय. खरी म्हणावीत अशी अगदी मोजकी, आणि बनावट शोधायला जावं लागत नाही. २४ किंवा त्यापुढचं लेबल दिसलं की मी सरळ पुढच्या टेबलाकडे वळतो. बारावी 'अँटिक्वे', सतरावी 'क्लासिके', अठरावी 'लिबिके' अशी नावासकटची नाणी आणि टेहळ्यांच्या तुकडीचं नाणं ही स्वप्नं आहेत, ती तशीच राहू देत.

आता मुद्द्याचं. समोरच्या नाण्याचं वजन ३.४१ ग्रॅम, व्यास १७ मिमी. मागचा छाप उजवीकडे सरकलाय. दोन फुल्या (दहा-दहाच्या) स्वच्छ, त्यापुढे दोन उभ्या रेघा स्वच्छ, आणि अगदी कडेजवळ तिसरी रेघ, खालून झिजलेली. लेबलवर '२३, दुर्मिळ' आणि किंमत साध्या नाण्याच्या दुपटीहून वर. जहाजाच्या वरच्या मोकळ्या जागेत चंद्रकोरीसारखा सराफी ठसा आहे, त्यात तांबं दिसत नाही.

ती तिसरी रेघ आकड्यातली आहे, ओरखडा आहे की कोणी मागाहून काढलीय, हे कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

जुनाबाजार:
प्रकाश तुम्हीच टाका, तोही तिरपा! दिवा टेबलाच्या पातळीला ठेवून नाणं हळूहळू फिरवा. नाण्यावरचं अक्षर उठावाचं असतं, त्याची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते. ओरखडा म्हणजे खाच, तिथे सावली दिव्याकडच्या कडेलाच बसते. मागाहून 'काढलेली' रेघ ओळखायला तिच्याकडे बघूच नका, आजूबाजूला बघा. उठाव दाखवायचा तर शेजारचा धातू खरवडावा लागतो. तिथली जमीन (नाण्याचा सपाट भाग) किंचित खोल आणि वेगळ्या चमकेची दिसली तर नाणं परत ठेवा.

पण माझी शंका निराळीच आहे. ती रेघ खरीच असेल आणि तरीही आकड्यातली नसेल. उजव्या निशाणाचा दांडा कुठे गेला? आकडा त्याच्या शेजारीच असतो. छाप सरकला आणि निशाणाचा वरचा भाग झिजला की दांड्याचा उरलेला तुकडा हुबेहूब एकासारखा दिसतो. रेघ वर कुठवर जाते ते बघा. अक्षर आपल्या उंचीला थांबतं, दांडा वर निशाणाच्या चकत्यांना जाऊन भिडतो.

सराफी ठशात तांबं नाही हे चांगलं लक्षण. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असलेली नाणी या मालिकेत बरीच आहेत. तो ठसा त्या काळच्या सराफाने खात्री करायलाच मारलेला, आपल्या जुन्या रुपयांवर असतात तसाच. त्यासाठी भाव पाडून मागायला हरकत नाही, पण मला स्वतःला असे ठसे आवडतात.

फुटाणा:
फोटो टाका राव, नुसत्या वर्णनावर काय सांगणार? अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांची ऑनलाइन सूची फुकट आहे, ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही. त्यातली २२ आणि २३ शेजारी उघडा आणि गरुडाच्या पंखापासून अक्षरं किती अंतरावर आहेत ते ताडून बघा. डाय (नाण्यावर छाप उठवणारे साचे) हाताने कोरलेले असत, त्यामुळे एकाच डायची दोन नाणी झिजली तरी ओळखू येतात.

अवांतर: पुढेमागे संग्रह भारतात आणायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या अँटिक्विटीज कायद्यात येतात. एकदा आत आणली की पुन्हा बाहेर नेणं सोपं नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. विक्रेत्याकडे जाऊन मोबाईलच्या टॉर्चखाली बघून आलो. सावली उठावाचीच आहे, खरवडल्याची खूण कुठेही नाही. पण रेघ थांबत नाही! अक्षरांच्या डोक्यावरून वर जाते, मधे पुसट होते आणि थेट कडेला अर्ध्या कापलेल्या चकतीला लागते. म्हणजे दांडाच, आणि नाणं २२ चं. डाय मात्र अजून कुठे जुळला नाही, शोधतोय.

विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, 'लेबल आधीच्या मालकाचं आहे.' २२ च्या भावात देणार असेल तर घेतो, तोही आकडा माझ्याकडे नाहीच. नाहीतर त्याचं २३ त्यालाच लखलाभ.