मदत हवी आहे: वसिष्ठ–अरुंधतीचं अंतर बरोबर येतंय, क्रतू–मरीचीचं चुकतंय. साइनच्या वर्गात गोंधळ?

आडतवाला, सोलापूर:

नमस्कार मंडळी. मी मार्केटयार्डात एका आडतीवर हिशेब बघतो. एक्सेल रोजच्या हातातलं आहे, पण शिक्षण बी.कॉम., त्रिकोणमिती दहावीलाच सुटली.

वैशाखात पुतणीचं लग्न झालं. रात्री दहाच्या सुमारास गुरुजींनी दोघांना गच्चीवर नेलं आणि उत्तरेला सप्तर्षी दाखवून वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधती ओळखायला लावली. पुतणीला ती लगेच दिसली. तिने मला विचारलं, "काका, या दोघांत अंतर किती असेल हो?" काढून सांगतो म्हणालो. तेव्हापासून रोज दुकान बंद झाल्यावर तासभर यातच जातो.

आकडे असे घेतले (विषुवांश म्हणजे आकाशातले रेखांश, तास-मिनिटांत; क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश):
वसिष्ठ: विषुवांश १३ तास २३ मि. ५५.५ से., क्रांती ५४° ५५′ ३१″
अरुंधती: विषुवांश १३ तास २५ मि. १३.५ से., क्रांती ५४° ५९′ १७″

आधी कॉसचं नेहमीचं सूत्र वापरलं. कॅल्क्युलेटरवर करत गेलो आणि कॉसची किंमत सवयीने पाच दशांशांपर्यंत उतरवली, ०.९९९९९. त्यावरून अंतर आलं १५.४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). मोबाइलमधलं तारामंडळाचं ॲप ११.८ दाखवतं. मग कुठेतरी दुसरं सूत्र सापडलं: निम्म्या अंतराच्या साइनचा वर्ग = निम्म्या क्रांतिफरकाच्या साइनचा वर्ग + (दोन्ही क्रांतींच्या कॉसचा गुणाकार × निम्म्या विषुवांशफरकाच्या साइनचा वर्ग). ते एक्सेलमध्ये बसवलं आणि चोख ११.८ कला आलं! इतका आनंद झाला की सातही ऋषींच्या २१ जोड्या काढायला घेतल्या.

तिथेच गाडी अडली. क्रतू (११ ता. ३ मि. ४३.७ से., ६१° ४५′ ४″) आणि मरीची (१३ ता. ४७ मि. ३२.४ से., ४९° १८′ ४८″) यांचं अंतर माझ्या शीटमध्ये २६.१° येतंय, ॲपमध्ये २५.७° आहे. तासाला १५ अंश धरले आहेत, अंशांचे रेडियन केले आहेत (एक्सेलला कोन त्याच मापात लागतो). वर्गासाठी =साइन(ब२^२) असं लिहिलंय, ब२ मध्ये निम्मा फरक आहे. हे सूत्र फक्त जवळच्या ताऱ्यांनाच चालतं का? आणि पहिलं सूत्र चुकीचं होतं का? कृपया समजावून सांगा.

ध्रुवमत्स्य:

काका, सूत्र दोन्ही बरोबर आहेत आणि कितीही लांबच्या ताऱ्यांना चालतात. चूक त्या कंसात आहे. पुस्तकात साइनच्या डोक्यावर २ काढून पुढे कोन लिहितात, म्हणून तो २ नक्की कोणाचा हे कळत नाही. तो साइनच्या किमतीचा आहे. तुम्ही आधी कोनाचा वर्ग केला आणि मग साइन घेतला. =साइन(ब२)^२ असं करा.

क्रतू–मरीचीचा निम्मा विषुवांशफरक २०.४८°, म्हणजे ०.३५७३८ रेडियन. त्याचा साइन ०.३४९८२, वर्ग ०.१२२३८. तुमच्या पद्धतीने आधी वर्ग ०.१२७७२ आणि मग साइन ०.१२७३७. अरुंधतीच्या वेळी हे लपून राहिलं, कारण तिथे निम्मा फरक जेमतेम ०.१६२५°. इतक्या बारीक कोनाचा साइन आणि रेडियनमधला कोन जवळपास सारखेच, त्यामुळे वर्ग आधी करा की नंतर, ०.०००००८०४ हाच आकडा येतो. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर आलं की चूक शोधणं फार अवघड जातं. तुम्ही लांबची जोडी तपासलीत हे फार चांगलं केलंत.

कॉसच्या सूत्राचं म्हणाल तर ११.८ कलांचा कॉस ०.९९९९९४१ आहे. पाच दशांशांत १.००००० लिहिलं तर अंतर शून्य, ०.९९९९९ लिहिलं तर १५.४ कला, मधलं काही लिहिताच येत नाही. भरलेला ट्रक काट्यावर घालून पोत्यावरची चिठ्ठी तोलायला गेल्यासारखं ते होतं. १ मधून कॉस वजा केला की निम्म्या कोनाच्या साइनच्या वर्गाची दुप्पट मिळते. साइनच्या वर्गाचं सूत्र तो बारीक उरलेला भाग थेट हातात देतं. आपल्याकडे या '१ वजा कॉस'ला उत्क्रमज्या म्हणत, सूर्यसिद्धान्तात तिचे आकडे ज्येच्या (म्हणजे साइनच्या) जोडीने दिलेले आहेत.

आणखी एक सांगतो. शेवटी साइनच्या डोक्यावर उणे १ दिसेल, तो मात्र घात नव्हे. तिथे १ भागिले साइन करू नका, किमतीवरून उलट कोन काढायचा असतो. एक्सेलमध्ये त्याला एसाइन आहे.

आडतवाला, सोलापूर:

ध्रुवमत्स्य, फार फार आभार. कंस हलवला आणि क्रतू–मरीची २५.७° आलं. बाकीच्या जोड्याही ॲपशी जुळल्या. एसाइन मी आधीच बरोबर घातलं होतं, पण ते घात नाही हे आज समजलं.

काल गच्चीवर जाऊन हात लांब करून मूठ धरून पाहिली. एक मूठ साधारण दहा अंशांची, क्रतूपासून मरीचीपर्यंत अडीच मुठी भरल्या. पुतणीला फोन करून ११.८ कला सांगितलं, चंद्राच्या बिंबाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं आपल्या डोळ्यांना दिसणारं. दोघं खरंच एकमेकांपासून किती लांब आहेत?" त्याचा वेगळा धागा काढतो.