मदत हवी आहे: जपानहून ‘फक्त जपानी’ स्विच २ मागवावा का?

जून २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ हा गेम कन्सोल आला तेव्हा जपानमध्ये त्याच्या दोन किमती होत्या: फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येन, बहुभाषिक ६९,९८० येन. तोक्योत नोकरीला असलेले एक परिचित पुढच्या महिन्यात पुण्यात येत आहेत, ते स्वस्तातला आणायला तयार आहेत. आत्ता जुना स्विच आहे, खातं अमेरिकेचं, त्यावर बरेच डिजिटल गेम. जपानी एन४ (जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी) पर्यंत झालं आहे आणि गेममधून वाचनाचा सराव व्हावा हा मुख्य हेतू. घ्यावा का? जुन्या गेमांचं काय होईल? जाणकारांनी कृपया सांगावं. आधीच आभार.

अक्षरवेध
भाषेची अडचण तुम्हाला येणार नाही, खात्याची येईल. स्वस्त स्विच २ ला ज्या खात्याचा देश ‘जपान’ आहे तेच खातं जोडता येतं. तुमचं अमेरिकेचं खातं तो घेणारच नाही.

खात्याचा देश प्रोफाइलमध्ये जाऊन बदलता येतो, पण आधी तीन गोष्टी उरका: ई-शॉपची (निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानाची) शिल्लक खर्चून टाका, प्री-ऑर्डर असेल तर रद्द करा, ऑनलाइन सदस्यत्वाचं आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. यातलं काही राहिलं की बदल अडतो आणि लोक तासन्‌तास कारण शोधत बसतात. आधी घेतलेले गेम खात्यावरच राहतात, पुन्हा उतरवता येतात. मात्र कार्ट्रिज अमेरिकेची आणि डीएलसी (गेमला नंतर जोडायचा जादा भाग) जपानी ई-शॉपमधलं, अशी जोडी सहसा जमत नाही. डीएलसी कार्ट्रिजच्याच प्रदेशाचं लागतं.

आणखी एक. जे गेम कन्सोलची भाषा पाहून आपली भाषा ठरवतात, ते या मशीनवर कायम जपानीतच चालतील. ज्यांच्या स्वतःच्या मेनूत भाषेचा पर्याय आहे त्यांचीच बदलता येईल. घरात लहान भावंडं खेळणार असतील तर हे आधी बघा.

येन_हिशेब
किमतीचं सांगतो. एका डॉलरला १५० येन धरले तर ४९,९८० म्हणजे साधारण ३३३ डॉलर, आणि अमेरिकेत त्याचीच सुरुवातीची किंमत ४४९.९९ होती. एवढा फरक असल्यावर बाहेरच्यांनी गठ्ठ्याने उचलू नये म्हणूनच भाषेचं कुलूप आहे. सोनीनेही २१ नोव्हेंबर २०२५ ला फक्त जपानी भाषेचा पीएस५ ५५,००० येनला काढला, तोही याच वाटेने.

गेममध्येही तेच. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ डाउनलोड ८,९८० येन, कार्ट्रिज ९,९८०; अमेरिकेत ७९.९९ डॉलर. पण २५ मार्च २०२५ पासून जपानी ई-शॉप परदेशी क्रेडिट कार्ड आणि परदेशात उघडलेलं पेपाल घेत नाही. उपाय प्रीपेड कार्डाचा. तुमच्या परिचितांना कोंबिनीतून (तिकडच्या नाक्यावरच्या छोट्या दुकानातून) ९,००० चं कार्ड रोखीने घ्यायला सांगा. काउंटरवर पैसे दिल्यावरच ते चालू होतं, त्यामुळे पावती जपून ठेवायला सांगा. मागचा पट्टा खरवडला की १६ अक्षरी कोड दिसतो, त्याचा फोटो पुरे. या गेमनंतर २० येन उरतील.

करमुक्त खरेदी त्यांना मिळणार नाही, ती अल्पकाळच्या पर्यटकांसाठी आहे. वॉरंटीची दुरुस्तीही जपानमध्येच. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे, फक्त चपट्या दोन पिनांसाठी कन्व्हर्टर लागेल. तोक्योतल्या अकिहाबारा बाजारातून सुपर फॅमिकॉमसारखा निन्टेंडोचा जुना कन्सोल मागवलात तर मात्र जपा: त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की जळतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे सरावासाठी जपानी मशीन लागतंच असं नाही का?

अक्षरवेध
अजिबात नाही. तुमच्या जुन्या स्विचमध्येच जपानी भाषा आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदला, बहुतेक गेम सोबत बदलतील. शिवाय जपान देश निवडून दुसरं खातं काढा, स्विचवर नवा वापरकर्ता करून त्याला ते जोडा आणि त्याच्या नावाने ई-शॉप उघडा. जपानी दुकान समोर येईल, वरचा कोडही चालेल. घेतलेले गेम तुमच्या मूळ प्रोफाइलमधून खेळता येतात. त्यासाठी त्या गेमचं ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ (डिजिटल गेमची आभासी कार्ट्रिज) याच स्विचवर लोड केलेलं असू द्या.

एन४ ला ‘पोकेमॉन’ बरा. अलीकडच्या भागांत सुरुवातीलाच जपानी दोन प्रकारे निवडता येते, काना (फक्त उच्चार दाखवणारी अक्षरं) किंवा कांजी (अर्थ दाखवणारी चिन्हं). काना सोपं वाटतं म्हणून सगळे तेच घेतात, आणि तिथेच अडतात. नुसतं ‘हाशी’ लिहिलेलं असलं तर पूल, जेवायच्या काड्या की कड, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. कांजीत तिन्ही चिन्हं वेगळी, शब्दकोशात लगेच सापडतात. निवड विचार करून करा, खेळ सुरू झाल्यावर बहुतेक भागांत भाषा बदलत नाही. कांजीच्या डोक्यावर फुरिगाना (बारीक कानातला उच्चार) हवीच असेल तर ‘योकाई वॉच’ बघा, तो मुलांसाठीच केलेला आहे. पण थ्रीडीएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवरचे भाग घेऊ नका. थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप आहे, जपानी कार्ट्रिजला जपानी मशीनच लागतं.

येन_हिशेब
+१. परिचितांच्या बॅगेत अॅनिमेच्या डिस्कही यायच्या असतील तर थांबा. डिस्कनाही प्रदेशाचं कुलूप असतं: डीव्हीडीसाठी जपान प्रदेश २, भारत ५. ब्लू-रेसाठी जपान ए, भारत सी. इथल्या प्लेअरवर त्या चालतील असं धरू नका, आणि जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल बहुधा नसतात. त्या पैशात ९,००० चं आणखी एक कार्ड मागवा.